नवसाचा पांढरा कोंबडा

चुलते ब्रह्मदेशाच्या लढाईवर गेले त्या वर्षी वडिलांनी मला मिरजेहून काकीच्या वस्तीवर सोबतीला पाठवलं. सहा महिन्यांचं बोलणं होतं, राहिले तीन वर्षांच्या वर. वस्ती कोरेगावच्या स्टेशनापासून दीड-दोन कोस आत. भोवती ऊस, मध्ये विहीर, एक लांब छपराचं घर आणि घरामागे गुऱ्हाळाची चुलवाण. शेजार म्हणावा असं एकच घर, मुलाण्याचं, तेही ओढ्यापलीकडे.

माझं सगळं शिक्षण इंग्रजी शाळेत झालेलं. शाळेत मराठी बोललं की दंड होता, आणि आई लहानपणीच गेल्यामुळे घरी बोलायला कोणी नव्हतं. त्यामुळे दोन्ही भाषांत मी गप्पच असे. काकीशी पहिल्यांदा बोलले ते "तुम्हाला पाणी आणून देऊ का?" एवढंच. काकी म्हणाली, "मला तुमी म्हनू नगंस. मामलेदार हाय व्हय मी?" तरीही पुढं वर्षभर माझ्या तोंडून 'तुम्ही'च येत राहिलं. तिनं दुसऱ्यांदा सांगितलं नाही.

शाळा सोडताना आमच्या एका गोऱ्या बाईंनी मला अंडी देण्याचं कबूल केलं होतं. त्यांच्या बंगल्यामागे जाळीच्या खुराड्यात पांढऱ्या विलायती कोंबड्या होत्या. पुढच्या चैत्रात वडील मला भेटायला आले तेव्हा त्यांच्याबरोबर बाईंनी पाटीभर कोंड्यात पुरलेली बारा अंडी पाठवली, आणि कोंबड्या पाळण्यावरचं एक पातळ इंग्रजी पुस्तक. अंडी खडूसारखी पांढरी होती. काकीनं एक उचलून कानाशी हलवून पाहिलं. "रेल्वेनं आल्यात व्हय? मग जिती हायत का मेली, ते देवच जाने."

काकीजवळ सात-आठ गावठी कोंबड्या आणि बाजारातून आणलेला एक म्हातारा कोंबडा होता. त्यांतली काळी तेवढी त्या दिवसांत खुडूक बसली होती. खुडूक कोंबडी म्हणजे अंडी घालायचं थांबवून फुगून बसते, जवळ गेलं की गुरगुरते, आणि पोटाखाली काहीही ठेवलं तरी उबवू लागते. आमच्या घरची एक रीत होती. देवीला बोललेला कोंबडा आपल्याच दारात, आपल्याच कोंबडीखाली निघालेला लागे. बाजारातून आणलेला चालत नसे. म्हणून काकीनं काळीखाली बसवायला स्वतःची अंडी जमवून ठेवली होती. चुलते सुखरूप परत यावेत म्हणून तिला नवस बोलायचा होता. हे सगळं मला नंतर कळलं. त्या दिवशी तिनं फक्त आपली अंडी टोपलीतून काढली, माझी ठेवली आणि म्हणाली, "तुझी आधी. लांबनं आल्यात."

टोपलीत खाली गवत, त्यावर अंडी, आणि अंड्यांच्या कडेला तिनं एक मोडकं खुरपं आणि दोन कोळसे ठेवले. वीज कडाडली की अंडी नासतात, लोखंड असलं की नासत नाहीत, असं सगळे मानत. मला ते खुरप्याचं टोक बघवेना. कोंबडी हलली की अंड्याला भोक पडेल असं वाटे. तिसऱ्या दिवशी काकी पाण्याला गेलेली बघून मी खुरपं काढलं आणि छपराच्या वाशात खोचून ठेवलं.

पुढं वळीव आला. दोन दिवस दुपारी ढग असे काही कडाडले की गोठ्यातल्या म्हशी दावं तोडायला लागल्या. काळी कोंबडी मात्र डोळे अर्धे मिटून बसून होती.

त्या एकवीस दिवसांत मी तिच्याजवळ जितकी बसले तितकी कुठल्या माणसाजवळ बसले नव्हते. दिवसातून एकदा ती उठे, घाईघाईनं दाणे टिपी, राखेत लोळे, आणि कोणी तिची जागा घेईल अशा धाकानं पळत परत येई. बसण्याआधी एकेक अंडं चोचीनं उलटं करी. पुस्तकात अंडी उलटी करण्यावर एक अख्खं पान होतं. काळीला ते पान वाचायची गरज नव्हती.

एकोणिसाव्या दिवशी काकीनं परातीत कोमट पाणी घेतलं आणि एकेक अंडं त्यात सोडलं. "आता बघ." पाणी स्थिर झालं. मग एक अंडं आपोआप डुचमळलं, कोणी आतून कोपर मारावं तसं. मी परातीवर वाकलेलीच राहिले. थोड्या वेळानं दुसरं हललं, मग तिसरं. बाकीची नऊ तशीच तरंगत राहिली.

काकीनं परात बाजूला केली आणि टोपलीतलं गवत चाचपलं. तिला काय सापडत नाही ते मला माहीत होतं. तिनं माझ्याकडे बघितलं, मग वर वाशाकडे. "रेल्वेनं नासली आसतील," ती म्हणाली. आगगाडीच्या हादऱ्यांनी अंडी नासतात हे पुस्तकातही होतं, आणि ते खरंही असेल. पण तिनं ते माझ्यासाठी म्हटलं होतं.

तीन पिल्लं निघाली. कवच फुटण्याआधी आतून आवाज येतो हे मला ठाऊक नव्हतं. काळी आपली मान वाकवून हलकेच घशातल्या घशात बोले आणि अंडं उत्तर देई. एक पिल्लू दुसऱ्याच दिवशी गेलं. एक घारीनं नेलं, माझ्या डोळ्यांदेखत, विहिरीच्या काठावरून. उरलं एक. लोण्याच्या गोळ्यासारखं पिवळं, मग पांढरं. काळी त्याला राखेत लोळायला शिकवी आणि ते राखाडी होऊन येई. नांगर चालला की ते तासामागून धावे आणि बैलाच्या पायाखालून अळ्या टिपी. मी पायरीवर पुस्तक घेऊन बसले की माझ्या मांडीवर चढून पानाच्या कडा टोची.

पावसाळा सरता सरता त्याचा तुरा वाढायला लागला. आमच्या गावठी कोंबड्यांना तुरा म्हणजे नावालाच. ह्याचा मात्र लालभडक, पाच दात्यांचा, एका बाजूला कललेला.

मुलाण्याच्या घरच्या भाभी दर आठवड्याला अंडी न्यायला येत. त्यांनी कमरेवर हात ठेवून त्याला न्याहाळलं. "आवं, कोंबडा हाय का सुभेदार? फेटा बी तिरका बांधलाय."

"लय गुनाचा हाय," काकी म्हणाली. "पर आरवत न्हाई."

"आरवंल कसा? विलायती हाय. इंग्रजीतनं आरवायचं म्हनत आसंल, पर ऐकनार कोन?" मग माझ्याकडे बघून, "न्हाईतर हिच्यावानी. शाळंत शिकलेला. त्वांड उघडत न्हाई."

दोघी हसल्या. मीही हसले. पण पुस्तकाच्या चाळिसाव्या पानावर, चित्राखाली, एक ओळ होती आणि ती मी वाचलेली होती. ह्या जातीत मादीचाही तुरा मोठा असतो आणि एका बाजूला पडतो.

ही ओळ मी सांगितली नाही. का, ते तेव्हा स्वतःला विचारलंही नाही. आता वाटतं, भिडेपेक्षा ते दुसरंच काही होतं. काकीची एकुलती खुडूक कोंबडी मी घेतली होती आणि तिच्याखालची नऊ अंडी माझ्यामुळे नासली होती, निदान तसं तिला वाटत असणार. ह्या एका पिल्लाचा कोंबडा निघाला तर माझ्याकडून काही परत दिल्यासारखं होणार होतं. तो कोंबडा असावा अशी माझीच इच्छा होती.

श्रावणापासून चुलत्यांचं पत्र नव्हतं. आधी महिन्याला एक येई, पलटणीतल्या कोणाकडून लिहून घेतलेलं, मी ते वाचून दाखवी. काकी कधी विचारत नसे. पण डाकवाला बांधावरून सायकल ढकलत जाताना दिसला की तिच्या हातातलं काम थांबे. तो पुढं निघून गेला की पुन्हा सुरू होई.

नवरात्रात काकीनं पांढऱ्याला आंघोळ घातली, कपाळावर, म्हणजे तुऱ्याखाली, कुंकू लावलं आणि काखेत घेऊन टेकडीवरच्या देवीला निघाली. मी बरोबर होते. वाट तासाभराची. त्या तासाभरात मी चारदा तोंड उघडलं आणि चारदा मिटलं. एकदा तर "काकी" म्हणाले देखील. "काय गं?" म्हणून ती थांबली. "काही नाही. मी घेते त्याला थोडा वेळ," मी म्हणाले.

देवळात गुरवानं त्याच्या पायात हळदीचा दोरा बांधला आणि डोक्यावर पाणी शिंपडलं. पाणी शिंपडल्यावर जनावरानं अंग झाडलं तर देवीनं घेतलं असं समजायचं. तोवर वाट बघायची. काकी हात जोडून उभी होती. तिचे ओठ हलत होते आणि मला शब्द ऐकू येत होते. "मानूस दारात सुकरूप येऊ दे. ह्यो कोंबडा तुला."

पांढऱ्यानं क्षणभर गुरवाकडे बघितलं, आणि पिसं फुलवून असं काही अंग झाडलं की पाणी आमच्या तिघांच्या तोंडावर उडालं.

उतरताना काकी घरच्यापेक्षा जास्त बोलली.

दिवाळी झाल्यावर एका सकाळी मी चुलवाणीमागच्या पाचटात सरपण ओढायला गेले. पाचट म्हणजे उसाची वाळलेली पानं, तिथे नेहमीच ढीग असे. त्यात एक वाटीएवढा खळगा होता आणि खळग्यात एक अंडं. खडूसारखं पांढरं. आमच्या कोंबड्यांची अंडी मातकट रंगाची. अजून ऊन होतं त्याला.

मी ते ओच्यात घालून घरात आणलं आणि माझ्या ट्रंकेत, शाळेच्या लोकरी पायमोज्यात गुंडाळून ठेवलं. देवीला कोंबडा सांगून कोंबडी दिली, म्हणजे काकीच्या नवसाला खोट आली. आणि खोट आली तर तिकडे कुठं ब्रह्मदेशाच्या रानात काय होईल, हा विचार मी शाळेत शिकलेली असूनही माझ्या मनात आला. तो विचार काकीच्या मनात आला तर ती काय करील हे मला दिसत होतं. ती रडली नसती. डाकवाला आला तरी तिनं मान वर केली नसती.

मग हा माझा रोजचा उद्योग झाला. काकी धारेला बसली की पाचटात हात घालायचा. कधी अंडं मिळे, कधी नाही. नवसाच्या जीवाचं काही खाऊ नये, विकू नये, म्हणून मी ते खाऊ शकत नव्हते आणि भाभींना देऊही शकत नव्हते. ट्रंकेत सहा झाली. पुस्तक सांगत होतं की ही जात आठवड्याला चार-पाच अंडी घालते. मला दोन, फार तर तीन मिळत. मला वाटलं हवापाण्याचा फरक असेल.

काकी त्या दिवसांत काही वेगळी वागतेय असं मला वाटलं नाही. पांढऱ्याला ती रोज मूठभर ज्वारी वेगळी टाकी. भाभींनी "आरवला का न्हाई आजून?" विचारलं की म्हणे, "आरवंल. काय घाई हाय?"

मार्गशीर्षातल्या एका दुपारी काकी उसाला पाणी द्यायला गेली होती. संध्याकाळच्या कालवणाला हुलगे काढायला मी उतरंडीशी गेले. उतरंड म्हणजे एकावर एक रचलेली मडकी. हुलगे कुठल्या मडक्यात ते मला नीटसं आठवेना, म्हणून एकेक उतरवून बघत गेले. तिसऱ्यात राख होती. राखेत हात घातला तर गार, गुळगुळीत काहीतरी लागलं. बाहेर काढलं तर खडूसारखं पांढरं अंडं. राख उकरली. आणखी होती. मोजली नाहीत, पण माझ्यापेक्षा जास्त होती.

मी तिथंच जमिनीवर बसले. काकी पहाटे उठत असे, मी उजाडल्यावर. तिच्या वाटणीची अंडी ती पहाटे उचलत होती आणि माझ्यासाठी उरत ती मी. ती माझ्यापासून लपवत होती, मी तिच्यापासून. मला कळलं तर वाईट वाटेल, असं तिला वाटत होतं. पोरीच्या हातचा तेवढाच एक जगला, तो बी कोंबडा न्हाई, असं काहीतरी. पुढं तिनं मला जवळपास ह्याच शब्दांत सांगितलं.

काय बोलावं ते मला सुचेना. म्हणून मी ट्रंक उघडली, पायमोज्यांतली अंडी काढली आणि त्याच मडक्यात, त्याच राखेत ठेवली. मडकी होती तशी रचली. हुलगे चौथ्यात सापडले.

त्या संध्याकाळी काही झालं नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी ती भाकरी थापत होती. पाठमोरीच म्हणाली, "मडक्यात अंडी उगवत्यात व्हय?"

मी चुलीत काटकी सारली.

"म्या ठिवली त्यापरास जास्त हायत."

"माझी आहेत," मी म्हणाले.

"कवापास्नं?"

"दिवाळीपासून."

तिनं भाकरी तव्यावर टाकली, वरून पाणी फिरवलं. "म्या बी."  मग मी ती चाळिसाव्या पानावरची ओळ सांगितली. टेकडीवर जाताना का बोलले नाही तेही सांगितलं, खुरप्याचंही सांगितलं. माझ्याच कानांना माझा आवाज इतका वेळ ऐकायची सवय नव्हती. काकीनं मध्ये एकदाही मागे वळून बघितलं नाही. वळली असती तर मी थांबले असते.

"मला तुरा बघूनच भुरळ पडली," ती म्हणाली. "चाळीस वर्स कोंबड्या पाळल्या आन् कोंबडा-कोंबडी वळखू आली न्हाई. कुनाला सांगू?"

"आता देवीचं काय?"

ह्यावर तिनं आधीच विचार केलेला होता. अंडी उचलत एवढे दिवस ती तोच विचार करत असणार. "तिच्यावर पानी शिंपडलं तवा तिनं अंग झाडलं का न्हाई? झाडलं. आपुन दोघी चुकलो, गुरव चुकला. देवी चुकंल व्हय? तिला म्हाईत व्हतं कोंबडी हाय म्हनून. म्हाईत आसून घेतली. म्हंजे तिला हिच्या पोटचा कोंबडा पायजे आसंल." तिनं भाकरी उलटली. "आन् हिची अंडी खाता येत न्हाईत, इकता येत न्हाईत. मग ऱ्हायलं काय? बसवायची."

मला त्यात कुठंही खोट काढता आली नाही. अजूनही येत नाही.

काळी पुन्हा खुडूक व्हायला महिना गेला. जुनी अंडी आम्ही ओढ्यात सोडली आणि ताजी नऊ बसवली. टोपलीत गवत घालून मी वाशातलं ते मोडकं खुरपं काढलं आणि अंड्यांच्या कडेला ठेवलं. त्या दिवसांत आभाळात ढगाचा ठिपका नव्हता. काकीनं बघितलं आणि कोळसे आणायला गेली.

सात पिल्लं निघाली. त्यांतल्या एकाला शेपटीत काळी पिसं होती, आणि ते दोन महिन्यांचं असतानाच कुंपणावर चढून असं घोगरं ओरडलं की पांढरीनं दचकून मान वर केली. आम्ही दोघी हातातलं टाकून बाहेर आलो. त्यानं पुन्हा प्रयत्न केला. आरवणंच होतं ते. काकीनं पांढरीच्या पायातला हळदीचा दोरा सोडला आणि त्याच्या पायात बांधला.

भाभींनी पायरीवर बसून ऐकून घेतलं आणि पान थुंकून म्हणाल्या, "मला पयल्या दिसापास्नं म्हाईत व्हतं. बूड बघितलं की कळतंय."

"मग बोललीस का न्हाईस?"

"मला कुनी इच्यारलं?"

पत्र लगेच आलं असं झालं नाही. उन्हाळा पुरा लागला तेव्हा आलं, तिसऱ्याच हातानं लिहिलेलं. चुलते सात-आठ महिने तापानं कुठल्याशा लष्करी इस्पितळात होते आणि पत्र लिहून द्यायला तिथं कोणी मराठी नव्हतं. मी ते दोनदा वाचून दाखवलं. काकी म्हणाली, "तिसऱ्यांदा नगं," आणि गोठ्यात गेली.

लढाई संपून पुढचं वर्ष लागलं तेव्हा ते आले. स्टेशनावरून चालत. मी भाकऱ्या करत होते, काकी अंगणात ज्वारी पाखडत होती. त्यांना एका कानानं ऐकू येत नव्हतं आणि गणवेश अंगावर लोंबत होता. काकी उठली, सूप हातातच. दोघं एकमेकांकडे बघत उभे राहिले. काय बोलावं ते दोघांनाही सुचत नव्हतं. मला ते फार ओळखीचं वाटलं.

तेवढ्यात पांढरी सुपाखालचे दाणे टिपायला त्यांच्या पायांमधून आली. चुलत्यांनी खाली बघितलं, तिच्या तिरक्या लाल तुऱ्याकडे.

"कोंबडा झकास हाय," ते म्हणाले. "नवसाचा व्हय गं?"

काकीनं पदर तोंडात घातला. तिचे खांदे हलायला लागले तेव्हा मला वाटलं ती रडतेय. ती हसत होती. चुलते एकदा तिच्याकडे, एकदा माझ्याकडे बघत राहिले.

"काय झालं? आँ?"

"तिला इच्यार," काकी म्हणाली. "ती सांगंल. शाळंत शिकलीया."

"तू सांग काकी," मी म्हणाले.

"तूच सांग. माझ्यानं हुनार न्हाई."

मी उंबऱ्यावर आले आणि त्यांच्या चांगल्या कानाच्या बाजूला बसले. रेल्वेनं आलेल्या बारा अंड्यांपासून सुरुवात केली. खुरप्यापर्यंत येईतो तव्यावरची भाकरी करपल्याचा वास आला, आणि आमच्यातलं कोणीही उठलं नाही.